ढिगारा उपसणारे हात: खऱ्या आपत्तीवर चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी

भूकंप, पूर, दरड, वायुगळती. आपल्या देशाच्या आठवणीत अशा रात्री पुष्कळ आहेत, आणि त्यांवर चित्रपट करावा असं वाटणारे तरुण लेखक-दिग्दर्शकही कमी नाहीत. बहुतेकांची सुरुवात एकाच जागी अडखळते. त्यांच्याकडे घटना असते, दुःख असतं, एखादा वीरही असतो. पण त्या रात्री माणसांनी नेमकं काय केलं, कोणता दगड आधी उचलला आणि तोच का, हे माहीत नसतं. माझं सगळं सांगणं याच मुद्द्याभोवती आहे. बचाव हे काम आहे. ते काम समजलं की माणसं समजतात, आणि शौर्य पडद्यावर वेगळं दाखवावं लागत नाही.

उदाहरण म्हणून मी किल्लारीचा भूकंप घेतो. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, हे दोन जिल्हे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. मराठी माणसाला ही घटना ठाऊक असते, पण तिच्यातलं बचावकार्य फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून हीच निवडली. तुमची घटना दुसरी असली तरी पायऱ्या जवळपास याच राहतील.

पायरी १: घटनेचा एक तुकडा निवडा

किल्लारीवर चित्रपट करायचा, असं म्हणून काम सुरू होत नाही. बावन्न गावं जमीनदोस्त झाली, त्यांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, त्यात कित्येक वर्षं गेली. एवढं सगळं दोन तासांत बसवायला गेलात तर बातमीपट होईल. त्यामुळे आधी वेळ आणि जागा आखून घ्या.

पर्याय बरेच आहेत. भूकंपाआधीचं वर्ष घेता येईल. किल्लारी परिसराला ऑगस्ट १९९२ पासून लहानमोठे धक्के बसत होते, ऑक्टोबर १९९२ मधला धक्का चांगलाच जाणवला होता, आणि तरी त्या काळच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी भूकंपधोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभर जमीन हलत असलेल्या गावात लोक कसे राहत होते, ही स्वतंत्र गोष्ट आहे. किंवा नंतरची वर्षं घ्या. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. एक मूल आणि एक वसतिगृह एवढ्यावरही चित्रपट उभा राहतो, आणि तोही बचावाचाच चित्रपट असतो. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून घरबांधणीच्या कामात उतरलेल्या बायकांची गोष्ट तर अजून कुणी नीट सांगितलेलीच नाही, असं मला वाटतं.

पण नवख्या माणसाला मी सुचवीन ते पहाटे ३:५६ पासून सूर्योदयापर्यंतचे दोन-सव्वादोन तास. एक गल्ली, सात-आठ घरं. बाहेरून कुणी आलेलं नाही. ढिगाऱ्याखाली आणि ढिगाऱ्यावर एकाच गावची माणसं. कमी खर्चात होणारा आणि सर्वांत खरा तुकडा हाच आहे.

एक मोह टाळा. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्या पहाटेची हकिकत अनेकदा सांगितली आहे: विसर्जन शांततेत पार पडल्याची खबर घेऊन ते झोपायला निघाले आणि मुंबईत बंगल्याच्या खिडक्या हादरल्या. प्रसंग नाट्यमय आहे, त्यामुळे पहिलं दृश्य तिथेच लिहावंसं वाटेल. तसं केलंत की कॅमेरा मुंबईहून गावाकडे येतो आणि गाव हे ‘मदत पोहोचवण्याचं ठिकाण’ होऊन बसतं. गल्लीतून सुरुवात करा. मुंबई यायचीच असेल तर नंतर येईल.

पायरी २: कागद आधी, माणसं नंतर

वाचलेल्या माणसाकडे जाऊन ‘भूकंप किती वाजता झाला?’ असं विचारणं हा त्याचा अपमान आहे. कागदावर मिळणारं सगळं आधी मिळवा. त्या दिवसांची वर्तमानपत्रं, विधिमंडळातल्या चर्चांचे अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयातले अहवाल, पुनर्वसन प्रकल्पाची कागदपत्रं, भूगर्भशास्त्रज्ञांचे निबंध. जे सहज मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणि दूरदर्शनकडे त्या काळचं चित्रण काय आहे, याचीही चौकशी करा.

मग एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात वेळ आणि घटना. दुसऱ्यात, त्या क्षणी हे कुणाला माहीत होतं. तिसऱ्यात, आपल्याला हे कुठून कळलं. दुसरा रकाना भरताना पटकथा आपोआप दिसू लागते. पहाटे चारला गल्लीतल्या माणसाला वाटलं की फक्त आपलंच घर पडलं. थोड्या वेळाने कळलं, गल्ली गेली. उजाडल्यावर कळलं, गाव गेलं. शेजारचं गावही गेलंय हे कळायला आणखी वेळ लागला. एवढाच चढता क्रम नीट धरलात तर वेगळा ताण निर्माण करायची गरज पडत नाही.

आकड्यांशी जपून वागा. किल्लारीच्या मृतांचा सरकारी आकडा कुठे ७,९२८ दिसतो, कुठे ९,७४८, आणि बोलताना सगळे दहा हजार म्हणतात. भूकंपाची तीव्रताही कुठे ६.२, कुठे ६.४ अशी आढळते. पडद्यावर आकडा लिहायचाच असेल तर कुणाचा आकडा हे सोबत लिहा, नाहीतर लिहूच नका. भोपाळचं उदाहरण आणखी बोलकं आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीतल्या तातडीच्या मृतांचा पहिला अधिकृत आकडा २,२५९ होता, मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले, आणि पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. तिथे आकडा निवडणं म्हणजे बाजू निवडणंच आहे. तेव्हा ती जाणूनबुजून निवडा.

पायरी ३: बचावाचं काम शिका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. मी पाहिलेल्या बहुतेक पटकथा इथेच कच्च्या राहतात.

आधी घर समजून घ्या, कारण माणसं घराखाली दबली. मराठवाड्यातलं ते जुनं घर म्हणजे दीड-दोन फूट, कधी त्याहून जाड, दगड-मातीच्या भिंती. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत दगडांचे दोन वेगळे थर असतात आणि मध्ये माती-खडी भरलेली. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. वर लाकडी खणांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडते, आणि वर्षानुवर्षांनी त्याचं वजन प्रचंड होतं. धक्का बसला की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि दगड आत-बाहेर कोसळतात. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र गेल्या.

याचा दृश्यावर थेट परिणाम होतो. सिमेंटची इमारत पडली तर स्लॅबखाली पोकळ्या राहतात. दगड-मातीचं घर पडतं तेव्हा माती सगळीकडे शिरते, नाकातोंडात जाते, माणूस गुदमरतो. म्हणजे घड्याळ तासांचं राहत नाही, मिनिटांचं होतं. परदेशी चित्रपटांत पाहिलेली काँक्रीटच्या फटीतून येणाऱ्या प्रकाशाची दृश्यं इथे आणलीत तर किल्लारीचा माणूस पहिल्याच मिनिटाला ओळखेल की हे आपलं घर नाही.

आता हात. तुमच्या गल्लीत काय काय होतं? टिकाव, खोरं, पहार, घमेलं. पण तीही घरातच होती, म्हणजे ढिगाऱ्याखाली. तेव्हा पहिली अवजारं म्हणजे नुसते हात. दगड काढला तर ठेवायचा कुठे? गल्ली सहा फुटांची, तीही दगडांनी भरलेली. चुकीच्या जागी टाकलेला दगड खालच्या दुसऱ्या माणसावर पडतो. ढिगाऱ्यावर उभं राहिलं की आपलंच वजन खाली जातं. ओरडत राहिलं तर खालचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून मधूनमधून सगळ्यांनी गप्प व्हावं लागतं. हे गप्प होणं कुणी शिकवलं, कुणी सांगितलं, हे माणसांना विचारा. जखमीला न्यायचं कशावर? बाज, दार, धोतर, रजई. कशातून? बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक दृश्य.

सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे: कोण कुठे झोपलं होतं हे कुणाला माहीत होतं? बाहेरून आलेल्या जवानाला ते माहीत असणं शक्य नाही. शेजारणीला माहीत असतं. म्हातारी उंबऱ्यापाशी झोपते, बाळंतीण आतल्या खोलीत आहे, विसर्जनाहून उशिरा आलेला मुलगा बाहेर पारावरच आडवा झाला. हे सांगू शकणारी बाई दगड उचलत नसली तरी त्या गल्लीची मुख्य बचावकर्ती तीच आहे. तुमच्या चित्रपटाची नायिका कदाचित हीच असेल.

एखाद्या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांशीही सविस्तर बोला. बराच वेळ दगडाखाली चेंगरलेला पाय मोकळा केला की माणूस बोलता-बोलता दगावू शकतो. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडतं. गावातल्या कुणालाही हे ठाऊक नसतं. बाहेर काढलं, पाणी पाजलं, आणि तो गेला. काढणाऱ्याला पुढे आयुष्यभर वाटत राहतं की आपलंच काही चुकलं. असा माणूस तुमच्या चित्रपटात असेल, तर त्याचं काही चुकलं नव्हतं हे प्रेक्षकाला कुठेतरी कळू द्या. बचाव करणाऱ्यांचं एवढं देणं आपण लागतो.

कामातूनच माणूस कसा दिसतो, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे उत्तरकाशीचा सिल्क्यारा बोगदा. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, ४१ कामगार आत अडकले आणि २८ नोव्हेंबरला बाहेर आले. ढिगारा आडवा कोरत जाणारं मोठं ऑगर यंत्र शेवटच्या काही मीटरवर मोडून पडलं. मग आडव्या पाइपात शिरून हाताने खोदणारे ‘रॅट मायनर’ कामगार बोलावले. पाइपाची रुंदी जेमतेम ८०० मिलिमीटर. आत एक खोदतो, एक माती भरतो, बाकीचे ती बाहेर ओढतात. एवढं नीट दाखवलं तर त्यावर एकही टाळीचं वाक्य लागत नाही.

पायरी ४: माणसांकडे जा, पण हळू

३० सप्टेंबरच्या आसपास जाऊ नका. त्या दिवसांत गावात नेते आणि कॅमेरे असतात, माणसं आपली राहत नाहीत. पहिल्या भेटीत कॅमेरा, माइक, वही काहीच काढू नका. आपण कोण, काय करणार, चित्रपट होईलच असं नाही, पैसे मिळतील असंही नाही, हे स्वच्छ सांगा. ओळख करून द्यायला गावातलाच कुणी भला माणूस असू द्या. शक्यतो पुढारी नको.

‘तुमचं कोण गेलं?’ हा पहिला प्रश्न असू नये. ‘तुमचं जुनं घर कसं होतं?’ असं विचारा. माणसं घर सांगू लागतात. हाताने जमिनीवर ओसरी, चूल, गोठा आखून दाखवतात. सांगता-सांगता स्वतःच त्या रात्रीपाशी येतात, किंवा येत नाहीत. आली नाहीत तर पुढे ढकलू नका. बायकांशी बोलायला सोबत बाई हवी. पुरुष ओसरीवर बोलत असताना आत चहा करणाऱ्या काकूंना जास्त माहीत असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बचाव करणाऱ्यांना विसरू नका. निवृत्त पोलीस, जवान, आरोग्यसेविका, एसटीचे चालक, स्मशानात लाकडं वाहणारी माणसं. त्यांना ‘तुम्ही शूर होता’ असं म्हटलेलं ऐकायची सवय असते, आणि ते वाक्य ऐकलं की बरेचजण मिटतात. ‘पहिल्या दिवशी जेवलात का? कुठे झोपलात?’ असं विचारा. २०१४ च्या जुलैत माळीण गाव दरडीखाली गेल्याची खबर पहिल्यांदा बाहेर नेली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. रोज जिथे गाव दिसायचं तिथे नुसता चिखल दिसल्यावर गाडी वळवून ती बातमी कुणाला तरी सांगायची, हाही बचावच.

अंत्यसंस्कारांबद्दल विचारताना फार जपा. या भागात चितेवर दहन करणारी घरं आहेत, तशीच दफन करणारी लिंगायत आणि मुस्लिम घरंही आहेत. सामुदायिक अंत्यसंस्कारांच्या त्या पावसाळी दिवसांत कुणाच्या वाट्याला काय आलं, ही जखम वेगळीच. ‘सगळ्या चिता पेटल्या’ असं सरसकट दृश्य लिहू नका.

आणि लेखी संमती घ्या. मराठीत, एका पानाची, साध्या भाषेत. ती मागे घ्यायची मुभा असलेली. संमती देताना माणूस रडत असेल तर त्या दिवशी सही घेऊ नका.

पायरी ५: खरं नाव, मिसळलेलं पात्र, कल्पित पात्र

तुमच्या पात्रांचे तीन गट पाडा. सार्वजनिक पदावरची माणसं, ज्यांच्या कृतीची नोंद आहे: ती खऱ्या नावाने येऊ शकतात, पण नोंदीबाहेरचं कृत्य त्यांच्या तोंडी-हाती घालू नका. खाजगी माणसं: संमती असेल तरच खऱ्या नावाने. आणि तिसरं, तीन-चार जणांचे अनुभव एकत्र करून केलेलं पात्र. नवख्यांसाठी हा तिसरा मार्ग उत्तम, पण त्याचीही शिस्त आहे. ज्यांचे अनुभव घेतले त्या प्रत्येकाला सांगा की तुमचा अमुक प्रसंग या पात्रात आला आहे. नाहीतर चित्रपट पाहताना एखाद्या बापाला आपल्या मुलीला काढण्याचा प्रसंग दुसऱ्याच्या नावावर दिसतो.

खलनायक शोधू नका. भोपाळला कारखाना होता, बंद ठेवलेली शीतकरण यंत्रणा होती, न्यायालयात दोषी ठरलेली माणसं होती. तिथे जबाबदारी दाखवलीच पाहिजे. किल्लारीला तसं नव्हतं. उगाच एक लाच खाणारा तलाठी उभा केलात तर त्या काळी दिवसरात्र राबलेल्या तलाठ्यांवर अन्याय होईल. मात्र आधीच्या धक्क्यांनंतर लोकांनी काय मागितलं होतं आणि त्यांना काय उत्तर मिळालं, हे कागदावर सापडलं तर धीटपणे मांडा.

प्रेमकथा घालू नका, असं मी म्हणणार नाही. गावात प्रेम असतंच. पण ढिगाऱ्याखालच्या मुलीचा जीव हा एखाद्या शहरी तरुणाच्या मनपरिवर्तनाचं साधन होत असेल, तर ते पान फाडून टाका.

पायरी ६: दृश्य लिहा

प्रेक्षकाला शेवट माहीत आहे. ‘वाचतील का?’ या प्रश्नावर तुमचा चित्रपट चालणार नाही. ‘आता हा दगड कुठे ठेवायचा?’ या प्रश्नावर चालेल. नमुन्यादाखल एक कल्पित दृश्य देतो.

गल्ली. पहाट. चतुर्दशीचा चंद्र पश्चिमेला, पण मधे माती तरंगते आहे, काही धड दिसत नाही. खोकल्याचे आवाज. तात्या ढिगाऱ्यावर चढून दगड ओढतोय.
काकू: तात्या, तिथं उभारू नका. खाली पाळणा हाय.
तात्या पाय मागे घेतो.
तात्या: कुणीकडं?
काकू: चुलीच्या अंगाला. आन् सुमी त्याच्या खालती, जिमिनीवर.
तात्या पोटावर आडवा होतो. एक दगड काढतो. ठेवायला जागा नाही. मागून कुणीतरी हात पुढे करतं. दगड एका हातातून दुसऱ्या हातात, गल्लीच्या तोंडापर्यंत. शेवटच्या हातात दगड देणारा मुलगा आपल्या स्वतःच्या पडलेल्या घराकडे एकदा पाहतो आणि पुढचा दगड घ्यायला वळतो.

या दृश्यात कुणी ‘देवा, हे काय झालं’ म्हणत नाही. त्या वेळी माणसं तसं म्हणाली असतीलही. पण पडद्यावर ते वाक्य आलं की काम थांबतं आणि अभिनय सुरू होतो. मुलाच्या एका नजरेत पुढचं मोठं दृश्य दडलेलं आहे: आपलं माणूस की शेजारचं? ज्याचा आवाज येतोय त्याला आधी काढायचं, की ज्याचा येत नाही त्याला? हा निर्णय त्या पहाटे शेकडो जणांनी घेतला. तो बरोबर होता की चूक, हे ठरवायचा अधिकार लेखकाला नाही.

बोली त्या भागातलीच हवी. ‘काय करलालास?’ म्हणणारा माणूस पुणेरी मराठीत रडला तर सगळं खोटं वाटतं. संवाद लिहून झाले की किल्लारी-उमरगा पट्ट्यातल्या कुणाकडून वाचून घ्या आणि त्यांनी बदललेलं मुकाट्याने स्वीकारा.

पायरी ७: कायदा आणि परवानग्या

थोडक्यात सांगतो, प्रत्यक्षात वकील गाठा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालानुसार सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या मजकुरासाठी सहसा संमती लागत नाही, पण नोंदींच्या पलीकडे कुणाच्या खाजगी आयुष्यात शिरलात तर लागते. भोपाळवरच्या एका वेबमालिकेचं प्रदर्शन थांबवावं म्हणून त्या प्रकरणात दोषी ठरलेले दोन माजी कर्मचारी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिला. तुमचा तिसरा रकाना, म्हणजे ‘कुठून कळलं’, अशा वेळी उपयोगी पडतो.

पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा. लष्कर दाखवणार असाल तर संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागू शकतं; २०२० मध्ये मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला तसं कळवलं होतं. बैल, कुत्रा, कोंबडी काहीही वापरलं तरी पशू कल्याण मंडळाची परवानगी हवी. लहान मुलांसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त आणि सलग ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. भूकंपाच्या चित्रपटात हा नियम वेळापत्रकाच्या केंद्रस्थानी ठेवा.

पायरी ८: चित्रीकरण

जुन्या किल्लारीच्या अवशेषांत चित्रीकरण करू नका. परवानगी मिळाली तरी नको. ती माणसांच्या मृत्यूची जागा आहे. तशाच बांधणीची गल्ली दुसरीकडे उभारा, आणि ती उभारायला त्या भागातले गवंडी बोलवा. भिंत कशी रचायची आणि कशी पडते, दोन्ही त्यांना कळतं.

दगड हलके वापरावे लागतील, कारण कलाकारांना इजा नको. पण तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना खरे दगड उचलायला लावा. वीस-पंचवीस किलोचा दगड वाकून उचलताना कंबर, मान, श्वास यांचं काय होतं ते शरीराला एकदा कळलं की नंतर फायबरचा दगडही जड दिसतो. धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. ती फुप्फुसाला त्रास देते. टेक संपला की मास्क, पाणी, डोळे धुवायची सोय. इथे पैसे वाचवू नका.

काळाचं भान ठेवा. १९९३ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल नव्हतं. ते आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २००६ मध्ये उभं राहिलं. नारिंगी गणवेश दिसला की चित्रपट खोटा ठरला. मोबाइल भारतात १९९५ ला आला. संपर्क म्हणजे पोलिसांची बिनतारी यंत्रणा, टेलिफोन एक्स्चेंज, आणि सायकलवरून, पायी धावत गेलेला माणूस. पाऊसही लक्षात ठेवा. भूकंपानंतरच्या दिवसांत पावसाने मदतकार्य फार अडवलं, आणि रस्ते बघ्यांच्या गर्दीने अडले. बघे दाखवायला लेखक कचरतात, पण ते होते.

मृतदेह कमीत कमी दाखवा. झाकलेली रांग पुरते. आणि वाचलेल्या माणसांना गर्दीत उभं करून ‘तेच पुन्हा करा’ म्हणू नका. कुणी स्वतःहून काम मागितलं तर संवाद तपासण्याचं, घर उभारण्याचं, स्वयंपाकाचं काम द्या. कलाकारांसाठी आणि गावकऱ्यांसाठी समुपदेशक शेवटच्या दिवसापर्यंत हजर असू द्या.

आवाजावर वेगळी मेहनत घ्या. धक्क्याचा गडगडाट सगळेच करतात. त्यानंतरची शांतता, कुत्र्यांचं थांबलेलं भुंकणं की वाढलेलं, गोठ्यातल्या जनावरांचा हंबरडा, मातीखालून येणारा दबका आवाज, हे सारं माणसांना विचारून नोंदवलेलं हवं. पार्श्वसंगीत पहिल्या अर्ध्या तासात नसलं तरी चालेल.

पायरी ९: आधी गावाला दाखवा

पक्कं संकलन होण्याआधी चित्रपट गावात दाखवा. शाळेच्या हॉलमध्ये दाखवा, रात्री नको, आणि अंधार पूर्ण करू नका. दार उघडं ठेवा म्हणजे ज्याला उठून जायचं त्याला जाता येईल. भूकंपाचा आवाज कोणत्या मिनिटाला येणार हे सुरुवातीलाच सांगा. आधी पन्नाशी-साठीच्या माणसांना, ज्यांनी ते पाहिलं, आणि वेगळ्या खेळात तरुणांना, ज्यांनी फक्त ऐकलं.

हरकती येतील. त्यांची वर्गवारी करा. ‘आमच्या गल्लीत असं नव्हतं’ ही तथ्याची हरकत. ती तपासा आणि बदला. ‘माझ्या आईचा प्रसंग नको’ ही संमतीची हरकत. तो प्रसंग कितीही चांगला चित्रित झाला असला तरी काढा. ‘आमच्या नेत्याला कमी दाखवलं’ ही तिसऱ्या जातीची हरकत. ती नम्रपणे ऐकून घ्या आणि चित्रपट आहे तसा ठेवा.

उत्पन्नातला काही भाग गावाला द्यायचा असेल तर किती, कुणाला, केव्हा हे प्रदर्शनाआधी लेखी ठरवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. श्रेयनामावलीत ज्यांची नावं येणार त्यांना विचारा की नाव कसं लिहायचं: वडिलांचं लावायचं की नवऱ्याचं, आडनाव हवं की नको. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यासाठी फक्त गावाचं नाव लिहा. ती यादी छापायला जाण्याआधी एकदा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून घ्या.